मोड परत येते तेव्हा : सराफी घराणी आणि त्यांच्या चुका



प्रत्येक व्यापारात चूक परत येण्याची एक मुदत असते. शिळी भाजी विकणाऱ्याची चूक त्याच संध्याकाळी परत येते. कापडाचा कच्चा रंग पहिल्या धुण्यात कळतो. बियाण्यातील फसगत एका हंगामात उघडी पडते. सराफाची चूक मात्र पंचवीस-तीस वर्षे कोणालाच दिसत नाही. १९७०च्या सुमारास लग्नात घातलेल्या पाटल्या मुलीच्या लग्नापर्यंत हातात राहतात, नाहीतर ट्रंकेत पडून असतात. त्या मोडावयाची वेळ येते तेव्हा ज्याने त्या विकल्या तो गृहस्थ हार घातलेल्या तसबिरीत गेलेला असतो आणि तराजू त्याच्या नातवापुढे असतो. मुशीत सोने वितळते आणि आजोबांनी काय दिले होते हे नातवाला व गिऱ्हाइकाला एकाच वेळी कळते.

सराफी धंद्यात घराण्याला जे महत्त्व आहे त्याचे मुख्य कारण ही लांब मुदत होय, असे मला वाटते. परंपरा, कुलाभिमान, वडिलोपार्जित कौशल्य यांचा भाग त्यात असेलही. पण व्यवहार पाहावा तर गिऱ्हाईक सोन्याबरोबर एक न लिहिलेला करारही घेऊन जाते. अडचणीच्या वेळी ही पेढी जागेवर असेल आणि हा डाग ज्या कसाचा म्हणून दिला त्याच कसाचा म्हणून परत घेईल, असा तो करार. तो करणारा एक आणि निभावणारा दुसरा. मधल्या काळात निदान एक पिढी उलटलेली असते.

माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा. दागिना घडविण्याची कला मला अवगत नाही. मात्र आपल्या बेळगाव-शहापूर भागातील आणि सीमेपलीकडील पेढ्यांच्या वह्या पाहण्यात माझे बरेच आयुष्य गेले. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात मोडत असे, त्यामुळे तेथील सराफ गल्लीचा सांगलीशी असलेला संबंध जुना आहे. चंदगड, खानापूर, निपाणी, गोवा असे चहूकडचे गिऱ्हाईक येथे येई व अद्यापही येते. आज मी जे सांगणार आहे ते या वह्यांवरून आणि मोडीच्या गल्ल्यावर ऐकलेल्या वादांवरून. त्यात कोणा एका घराण्याची कथा नाही.

सराफाच्या चुका म्हटले की लोकांच्या मनात लबाडी येते. लबाडी होती आणि आहे, पण ती फारशी शिकवीत नाही. लबाडाला आपण काय केले हे ठाऊकच असते. शिकण्याजोग्या चुका निराळ्या. ज्या पद्धतीत काही गैर आहे असे करणाऱ्यालाही वाटत नव्हते, त्या पद्धतीतून त्या निर्माण झाल्या. डाख हे त्याचे उत्तम उदाहरण.

दागिन्याचे तुकडे जोडण्यासाठी जो मिश्र धातू वापरतात तो डाख. तो मूळ सोन्याच्या आधी वितळला पाहिजे, अन्यथा जोड बसण्यापूर्वी दागिनाच वितळेल. यास्तव जुने कारागीर सोन्यात तांबे, चांदी किंवा पितळ मिसळून डाख करीत. त्यात सोने निम्मे असे, क्वचित त्याहूनही कमी. आता हिशेब करून पाहू. तीस ग्रॅमची बोरमाळ आहे. त्यातील सत्तावीस ग्रॅम सोने खरोखरच बावीस कॅरेटचे, म्हणजे हजारांत ९१६ भाग चोख, आणि तीन ग्रॅम डाख निम्म्या सोन्याचा. सत्तावीस ग्रॅममध्ये चोख सोने सुमारे २४.७३ ग्रॅम, डाखात दीड ग्रॅम, एकूण २६.२३ ग्रॅम. सबंध माळ वितळविली तर कस येतो हजारांत सुमारे ८७४, म्हणजे एकवीस कॅरेट. सव्वा ग्रॅम चोख सोने कमी भरले. सोनाराने सोने बावीस कॅरेटचेच वापरले होते, सराफाने बावीसचेच म्हणून दिले होते आणि दोघेही खोटे बोलत नव्हते. तूट जोडांत दडली होती. माळेतील मणी जितके बारीक तितके जोड अधिक, आणि जोड अधिक तितकी तूट अधिक. ज्या नाजूक कामाची स्त्रिया वाखाणणी करीत, तेच मोडीत सर्वांत जास्त घटे.

त्यातच लाखेची भर. बोरमाळेचे मणी, पोकळ पाटल्या, तोडे यांना चेप पडू नये म्हणून आत लाख भरीत. ही सोय चांगली होती, परंतु वजन कोणते लिहिले जाई? काही पेढ्या लाखेसकट वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे लिहीत. बऱ्याच जागी एकच आकडा असे. तीस वर्षांनी लाख जळून जाई आणि गिऱ्हाईक म्हणे, ‘माझे सोने कुठे गेले?’ या प्रश्नाला उत्तर होते, पण ते विक्रीच्या दिवशी द्यावयास हवे होते.

ज्या घराण्यांनी हे वेळीच ओळखले त्यांनी काय केले? मी पाहिलेल्या एका जुन्या वहीत मोडीच्या प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने होते : दिल्या वेळचे वजन, आल्या वेळचे वजन, गाळून निघालेली लगड. चौथ्या रकान्यात कारागिराचे नाव. हा चौथा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यायोगे पाच-सात वर्षांत मालकाला उमगे की अमक्या कारागिराच्या कामात तूट दीड टक्का येते, तमक्याच्या कामात पाच. मग तो पहिल्याला जास्त मजुरी देऊन टिकवी. ही वही कोणत्याही कायद्याने ठेवावयास लावली नव्हती. उलट, बहुतेक पेढ्यांत मोडीची तूट बट्ट्यात धरून मोकळे होत. गिऱ्हाइकाकडून सरसकट काही टक्के कापले की प्रश्न मिटला. पण मग चूक कोठे होते आहे हे कळण्याचा मार्गही मिटला. बट्टा हा माझ्या मते सराफी घराण्यांचा सर्वांत मोठा शत्रू. त्याने नुकसान भरून निघते आणि शिक्षण बंद पडते.

मोड गाळण्याच्या कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्यात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी या दुष्काळी भागांतील माणसे गलाईच्या कामासाठी बाहेर पडली आणि भारतभरच्या सराफ बाजारांत पसरली. (हे खानापूर आपल्या शेजारचे नव्हे.) केरळातील एखाद्या सराफ बोळात मराठी कानी पडले तर तो बहुधा गलाईवाला असतो. कोणत्या गावच्या, कोणत्या घडणीच्या दागिन्यात किती सोने निघते याचे जितके ज्ञान या मंडळींपाशी आहे तितके मोठ्या दुकानदारांपाशी नसेल. सोनाराच्या केरातून कण वेचणारे झारेकरी हे या ज्ञानाचे दुसरे टोक. या दोघांना विचारावयास मालक सहसा जात नसत. प्रतिष्ठा आड येई.

डाखाच्या प्रश्नावर पुढे एक उपाय निघाला. ब्याण्णव भाग सोने आणि आठ भाग कॅडमियम असा डाख केला तर तो लवकर वितळतो आणि त्याचा स्वतःचा कसही बावीस कॅरेटच्या खाली जात नाही. हेच ते ‘केडीएम’. एके काळी दुकानांच्या पाट्यांवर ही तीन अक्षरे शुद्धतेची खूण म्हणून झळकत. पुष्कळांना ते एखाद्या संस्थेचे नाव वाटे. गिऱ्हाइकाची तूट थांबली, पण कॅडमियम तापले की त्याचा धूर होतो, आणि तो फुप्फुसांना घातक असतो. दागिन्यावर वाकून बसणाऱ्या कारागिराच्या नाकातोंडात तो थेट जाई. एक चूक दुरुस्त करताना तिचा भार गिऱ्हाइकाकडून कारागिरावर ढकलला गेला. भारतीय मानकात आता कॅडमियमला मज्जाव आहे. त्याची जागा जस्तयुक्त डाखांनी व लेसरच्या जोडकामाने घेतली आहे.

यानंतर कायद्याकडे वळू. १९६३च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते, चीनशी झालेल्या युद्धाला जेमतेम दोन महिने झाले होते आणि परकीय चलनाची चणचण होती. चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरेटवर हात बसलेल्या सोनारांचे हाल झाले. कित्येकांची उपजीविका गेली, आत्महत्याही घडल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, मात्र १९६८च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या व तपासण्या कायम राहिल्या, आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. सत्तावीस वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. सांगलीत १८३२ मध्ये स्थापन झालेल्या गाडगीळांच्या पेढीने पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर १९५८ मध्ये दुकान उघडले. अवघ्या पाच वर्षांत हे संकट आले. अशा काळात तगून राहिलेल्या पेढ्यांचा अभ्यास व्हावयास हवा.

या काळाने सराफांना दोन परस्परविरोधी सवयी लावल्या. काहींना सरकारी नोंदवहीच्या सक्तीमुळे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवण्याची शिस्त लागली. काहींनी एक वही सरकारसाठी आणि एक घरासाठी अशी वाट धरली. दुसऱ्या वाटेतील धोका प्राप्तिकराच्या धाडीपुरता नव्हता. घरची खरी वही एकट्या कर्त्या पुरुषाला समजे आणि तो अचानक गेला की कोणाचे किती सोने दुकानात आहे, कोणत्या कारागिराकडे किती दिले आहे, हे सांगणारे कोणी उरत नसे. अशा पेढ्या बुडाल्या त्या बहुधा यामुळे. विक्री कमी झाली म्हणून बुडाल्याचे मी कमी पाहिले.

आता वह्यांतील एका चुकीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आजही ती सर्रास होते. सराफाने आपली संपत्ती रुपयांत मोजावी की वजनात? समजा, गेल्या लक्ष्मीपूजनाला दुकानात पाच हजार ग्रॅम सोने होते. यंदा चार हजार सहाशे आहे. भाव पंधरा टक्क्यांनी चढला. रुपयांत पाहिले तर माल पावणेसहा टक्क्यांनी वाढलेला दिसतो. घरात आनंद होतो, नवी गाडी येते. प्रत्यक्षात चारशे ग्रॅम सोने घरखर्चात, व्याजात, पाहुणचारात विरघळले आहे. चढत्या भावाच्या दहा वर्षांत एखादी पेढी प्रतिवर्षी ‘नफा’ दाखवीत निम्म्या वजनावर येऊ शकते. जुने सराफ दिवाळीला माल तोलून पाहात आणि गतवर्षीच्या वजनाशी ताडून पाहात, ते यासाठीच. या रिवाजाला पुढच्या शिकलेल्या पिढीने मागासलेपणा मानले. ताळेबंद रुपयांत करावा लागतो हे खरे, परंतु त्याच्या शेजारी वजनाचा ताळेबंद नसेल तर पहिला दिशाभूल करतो.

याला लागूनच भावाचा प्रश्न येतो. लग्नसराईच्या आधी गिऱ्हाईक आजच्या भावाने शंभर ग्रॅमचा माल नोंदवून जाते. ग्रॅमला पाच हजार धरले तर पाच लाखांचा व्यवहार. आठ टक्के घडणावळीचे चाळीस हजार. त्यातून मजुरी, घट, पगार, भाडे मिळून पंचवीस हजार गेले असे धरू. उरले पंधरा हजार. त्याच दिवशी शंभर ग्रॅम सोने विकत घेऊन ठेवले नाही आणि भाव केवळ तीन टक्क्यांनी चढला, तर ते पंधरा हजार संपले. भाव उतरला तर उलट लाभ होतो, आणि तेथेच खरी मेख आहे. एकदा तो लाभ चाखला की सराफ नकळत सट्टेवाला होतो. १९८०च्या जानेवारीत जागतिक बाजारात सोने औंसाला साडेआठशे डॉलरवर पोहोचले आणि पुढील दोन-अडीच वर्षांत त्याच्या निम्म्याखाली उतरले. २०१३च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या व्यवहारात भाव कोसळला. अशा प्रत्येक वेळी ज्यांनी विकले तितके त्याच दिवशी घेतले त्यांना झळ लागली नाही, आणि त्यांचे कोणी कौतुकही केले नाही.

सुवर्णभिशीचेही तेच. दरमहा हप्ता घेऊन वर्षाअखेर दागिना देण्याची ही योजना म्हणजे तत्त्वतः आगाऊ नोंदविलेला माल. आलेल्या हप्त्यातून सोने घेतले तर ती निर्धोक. त्यातून दुकानाला संगमरवर बसविला, दुसऱ्या गावी शाखा काढली, तर ते बिनतारणाचे कर्ज होते, आणि कर्ज देणाऱ्या बाईला आपण कर्ज दिले हे माहीतही नसते. कंपन्यांच्या बाबतीत ३६५ दिवसांत मालापोटी न वळती झालेली आगाऊ रक्कम ठेव समजली जाईल असे २०१४च्या नियमांनी ठरविले; त्यामुळे पुष्कळ योजना अकरा महिन्यांवर आल्या. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा झाला. उधारीविषयी मी फार बोलत नाही. तंबाखूचे, उसाचे पैसे आले की फेडणारे शेतकरी गिऱ्हाईक बहुधा प्रामाणिक असते. बुडवितात ते नातेवाईक.

सराफाने शब्दही तोलून वापरावेत, याचा दाखला आपल्याकडचा नाही, इंग्लंडातला आहे. जेराल्ड रॅटनर यांनी वडिलांकडून आलेला जवाहिऱ्याचा धंदा वाढवून शेकडो दुकानांचा केला. २३ एप्रिल १९९१ रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये उद्योगपतींच्या सभेत बोलताना त्यांनी आपल्याच दुकानातील स्वस्त मालाची हलक्या शब्दांत थट्टा केली. सभा हसली, वृत्तपत्रांनी ते छापले आणि ज्यांनी तो माल प्रेमाने भेट दिला होता ते गिऱ्हाईक दुखावले. कंपनीचे मोल अल्पावधीत सुमारे पन्नास कोटी पौंडांनी घसरले, पुढच्या वर्षी रॅटनर यांना जावे लागले आणि १९९३ मध्ये कंपनीने आपले नावच बदलले. माल तोच होता, किंमतही तीच. आमच्याकडे असे भाषण कोणी करीत नाही. पण मोड घेऊन आलेल्या बाईपुढे ‘हे कुठून आणलेत?’ असे म्हणून नाक मुरडणारे पोर मी पाहिले आहे, आणि तो डाग त्याच दुकानाच्या शिक्क्याचा निघालेलाही पाहिला आहे.

शिक्क्यावरून वाटणीची गोष्ट निघते. भाऊ वेगळे होतात तेव्हा जागा, माल, वसुली सर्व वाटले जाते. जुन्या शिक्क्याच्या दागिन्यांची जबाबदारी वाटली गेल्याचे मी एकाच वाटणीपत्रात वाचले. बाकी ठिकाणी गिऱ्हाईक थोरल्याकडून धाकट्याकडे आणि धाकट्याकडून थोरल्याकडे हेलपाटे घालते, आणि शेवटी तिसऱ्याच दुकानात जाते.

हे तिसरे दुकान १९९०च्या दशकाच्या अखेरीस आले. टाटांच्या तनिष्कने प्रारंभी अठरा कॅरेटचे दागिने आणले होते. आपल्या लोकांना बावीस हवे होते, आणि तो अंदाज त्यांना बदलावा लागला. त्यानंतर त्यांनी दुकानांत क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र ठेवले. जे कळावयास तीस वर्षे आणि मूस लागत असे ते काही मिनिटांत, दागिना न मोडता कळू लागले. कित्येक घरांत आपल्या पिढीजात सराफाविषयी पहिल्यांदाच किंतु आला. या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे : ते पृष्ठभागाचा कस वाचते, आतला नाही. जोडावर धरले तर एक आकडा, सपाट जागी दुसरा. निर्णायक परीक्षा आजही भट्टीतलीच. तेव्हा अनेक सराफांनी यंत्राला शिव्या दिल्या. थोड्यांनी कर्ज काढून तसेच यंत्र घेतले, आपल्याच वडिलांचे दागिने त्यावर तपासले आणि जेथे तूट निघाली तेथे ती भरून दिली. त्यांतल्या दोघांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. दोन वर्षे तोटा. त्यानंतर गिऱ्हाईक तुटले नाही.

हॉलमार्कची पद्धत २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असल्याखेरीज तो विकता येत नाही. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानांना सक्तीतून सूट आहे. कस कमी निघाला तर तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकास द्यावा, असे २०१८च्या नियमांत आहे. म्हणजे जो करार आजवर न लिहिलेला होता, त्याचा कसापुरता भाग सरकारने लिहून काढला.

पण ही खूण नव्या दागिन्यांना. त्याआधी विकले गेलेले सोने घराघरांत आहे आणि ते अजून तीस-चाळीस वर्षे मोडीच्या गल्ल्यावर येत राहील. कोणत्या साली कोणत्या कारागिराने घडविले, लाख किती होती, डाख कसला होता, याचे उत्तर जुन्या कीर्द-खतावण्यांखेरीज कोठेही नाही. आपल्या भागातील अशा कितीतरी वह्या मोडी लिपीत आहेत आणि ज्यांच्या माळ्यावर त्या पडल्या आहेत त्यांना त्या वाचता येत नाहीत. या सभागृहात सराफी घराण्यांतील माजी विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांना एवढीच विनंती, की दुकानाचे नूतनीकरण करताना ते गठ्ठे रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारे दोन-तीन जण गावात अद्याप आहेत. त्यांचे वय झाले आहे.